‘लो सॉल्ट’चा दिवा परत परत लागतोय? गोणी फोडण्याआधी हे तपासा

गणपती उठले की मला ठरलेले फोन यायला लागतात. “भाऊ, मशीनवर लाल दिवा लागलाय. मीठ कमी दाखवतंय.” अलिबाग ते रेवस पट्ट्यातल्या चार-पाच बंगल्यांचे पोहण्याचे पूल मी सांभाळतो, सगळे सॉल्ट क्लोरिनेटरवाले, म्हणजे पूलच्या पाण्यात मीठ असतं आणि मशीन त्यातूनच क्लोरीन बनवतं. गेल्या वर्षी एका बंगल्याच्या केअरटेकर मामांनी त्या फोनला पुढे एक शेपूट जोडलं: “आणि पंपरूममधलं मीठपण खराब झालंय. दोन गोण्या पार दगड झाल्यात. एक्स्पायर झालं असणार. फेकून देऊ का?”

म्हटलं, मामा, हात लावू नका, मी येतो.

दोन प्रश्न होते, आणि जवळजवळ प्रत्येक सॉल्ट पूलवाल्याला ते पडतात. मीठ जुनं झालं की त्याची ताकद जाते का? आणि दर दोन महिन्यांनी गोणी ओतूनही मशीन ‘मीठ कमी’ का म्हणतं? पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. दुसऱ्यानं माझं अख्खं वर्ष खाल्लं.

मिठाला मुदत असते का

मिठाला म्हणजे सोडियम क्लोराइडला मुदत नसते. ते आंबत नाही, सडत नाही, त्याला कीड लागत नाही, आणि कितीही वर्षं पडून राहिलं तरी पाण्यात टाकल्यावर तेच करतं. मग किराणा दुकानातल्या पुडीवर तारीख का? कारण तिच्यात आयोडीन घातलेलं असतं. आपल्याकडे ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात घालतात. कारखान्यातून निघताना जास्त आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडताना निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत पंधरा भाग) असावं असा नियम आहे, म्हणजे वाटेत आयोडीन उडतं हे नियमानंच धरलंय. तारीख त्या आयोडीनची आणि पुडीतलं मीठ मोकळं राहण्याची. पूलला आयोडीनशी काही देणंघेणं नाही.

मीठ दगड का होतं हे कोकणात कुणाला सांगायची गरज पडू नये, पण सांगतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढायला लागतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असेल तर फारच लवकर. आजीच्या चिनी मातीच्या बरणीतलं खडे मीठ मृगाच्या पहिल्या सरीला पाझरायचं ते त्याच्यामुळे. जून ते सप्टेंबर आमच्याकडची हवा ७५ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. मिठाचे दाणे बाहेरून विरघळतात, ऑक्टोबरच्या उन्हात तेच पाणी सुकतं आणि दाण्याला दाणा सांधला जातो. अशी दोन-तीन आवर्तनं झाली की गोणीचा धोंडा. मीठ तेच, फक्त आकार बदलला.

मामांच्या पंपरूममध्ये गेलो तर गोण्या सरळ कोब्यावर, भिंतीला टेकून ठेवलेल्या. खालची गोणी बुडाशी फाटलेली, तिच्यातून निघालेलं खारट पाणी फरशीवरून ओघळत मोटरच्या पायांपर्यंत गेलेलं. मोटरचे चारही बोल्ट तांबूस पापुद्रे सोडत होते. मीठ टिकतं हो, त्याच्या शेजारचं काही टिकत नाही. आणि दुसरी गंमत, गोणीवर ५० किलो छापलंय म्हणून आत ५० किलो मीठ राहिलंय असं समजू नका. पाझरून गेलं ते गेलं. वजन करूनही उपयोग नाही, कारण उरलेल्या धोंड्यात पाणीही आहे. याचा हिशेब पुढे येतो.

मशीन मीठ मोजत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं. क्लोरिनेटरच्या सेलमध्ये, म्हणजे पाणी ज्यातून जातं त्या नळकांड्यात, टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, वरून रुथेनियम-इरिडियमचा पातळ थर. त्यातून वीज जाते, मिठातल्या क्लोराइडचं क्लोरीन होतं, ते पाणी निर्जंतुक करतं, आणि काम झालं की त्याचं परत क्लोराइड होतं. म्हणजे मीठ फिरत राहतं, खर्च होत नाही. (“आम्हाला क्लोरीन नको म्हणून सॉल्ट पूल केला” असं सांगणारे मालक भेटतात. मी हसून मान डोलावतो. पूलमध्ये क्लोरीनच असतं, फक्त कॅनमधून यायच्या ऐवजी तिथल्या तिथे बनतं.)

मशीनला मात्र मीठ दिसत नाही. त्याला दिसतो तो पट्ट्यांमधून जाणारा विजेचा प्रवाह. प्रवाह कमी झाला की ते अंदाज बांधतं की मीठ कमी असावं, आणि दिवा लावतं. प्रवाह कमी व्हायला मीठ कमी असणं हे एक कारण झालं. पट्ट्यांवर क्षार बसणं, पट्ट्यांचा थर झिजणं, वायरच्या टोकाला हिरवा गंज चढणं, पाणी फार गार असणं, या सगळ्यांसाठी मशीनकडे तो एकच दिवा आहे.

म्हणून दिवा लागला की गोणीकडे न वळता आधी वेगळ्या साधनानं मीठ मोजायचं. कसं मोजायचं यातही एक खड्डा आहे.

टीडीएस मीटरचा घोळ

बहुतेक जण खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) बुडवतात. हा मीटरसुद्धा मीठ मोजत नाही, पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिला एका आकड्यानं गुणून पीपीएम दाखवतो. काही मीटर ०.५ नं गुणतात, काही ०.७ नं. लिटरला ३.२ ग्रॅम, म्हणजे ३२०० पीपीएम मीठ असलेल्या पाण्यात पहिला मीटर ३००० च्या आसपास दाखवेल आणि दुसरा ४२०० च्या. दोन्ही मीटर धडधाकट, आणि दोन माणसं मात्र भांडायला मोकळी. मीटरच्या माहितीपत्रकात हा गुणक बघून ठेवा. मिठासाठी ०.५ वाला जवळ जातो.

शिवाय मीटरला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळंच दिसतं. समुद्राजवळच्या बोअरचं पाणी मे महिन्यात मुळातच मचूळ झालेलं असतं. आमच्या एका बोअरचं कोरं पाणीच तेव्हा ९०० दाखवतं. तेवढा आकडा मनातल्या मनात बाजूला काढावा लागतो, अर्थात त्यातलं काही मीठही असतं, म्हणून पूर्ण वजा करायचा नाही.

खात्रीचं हवं असेल तर सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांची चाचणी करा. पाण्याचा पिवळा रंग विटकरी होईपर्यंत थेंब मोजायचे. पाच मिनिटं लागतात, पण ती फक्त क्लोराइड मोजते, बाकीच्या क्षारांना भुलत नाही. महिन्यातून एकदा ही, मधल्या काळात मीटर, असं मी करतो.

आणि मोजणी विश्वासाची आहे का हे तपासायची एक गावठी युक्ती. मामांचा पूल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ९० हजार लिटर पाणी. त्यात ५० किलोची एक गोणी पूर्ण विरघळली की मीठ ५५० पीपीएमच्या थोडं वर चढलंच पाहिजे. गणितात दुसरं काही होऊच शकत नाही. एक गोणी घालून मीटर फक्त शंभरनं सरकला तर मीटर खोटा, किंवा पूलचं माप खोटं, किंवा मीठ तळाशी तसंच पडलंय. या आकड्यावरून मी अनेक भांडणं मिटवली आहेत. तुमच्या पूलसाठी ५ कोटीला पाण्याच्या लिटरनं भागा, की एका गोणीचा पीपीएममधला आकडा येतो. नको असेल तर सरळ लक्षात ठेवा: हजार लिटरला १ किलो म्हणजे १००० पीपीएम.

सप्टेंबरचा दिवा: पाऊस

मामांच्या पूलमध्ये त्या दिवशी मीठ मोजलं तर ११००. मे अखेर मी स्वतः ३२०० सोडून गेलो होतो. या वेळी मशीन खरं बोलत होतं.

गेलं कुठे? ओव्हरफ्लोनं गेलं. भरलेल्या पूलमध्ये पाऊस पडतो, मिसळतो, आणि तेवढंच मिसळलेलं पाणी काठावरून बाहेर जातं. ढोबळ नियम असा की पूल सरासरी जेवढा खोल आहे तेवढा पाऊस पडला की मीठ साधारण ३७ टक्क्यांवर येतं. सव्वा मीटर खोलीच्या पूलवर सव्वा मीटर पाऊस, ३२०० चे जवळजवळ १२००. अलिबागला वर्षाला दोन मीटरच्या वर पाऊस होतो. म्हणजे ११०० हा आकडा चांगलाच म्हणायला हवा. पंप बंद असताना गोडं पाणी वरच्या थरात राहून आधी वाहून जातं, त्यानं थोडं मीठ वाचलं असावं. पुण्यात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे त्याच पूलचं मीठ १८०० च्या आसपास राहील. कर्जत-लोणावळ्याकडच्यांनी सप्टेंबरात जवळपास शून्यापासून सुरुवात करायची तयारी ठेवावी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जून ते सप्टेंबर कोकणात पूलमध्ये मीठ घालू नका. दिवा लागू दे. क्लोरिनेटर बंद ठेवा, कॅनमधलं द्रव क्लोरीन वापरून पाणी राखा, आणि पाऊस ओसरल्यावर एकदाच मोजून मीठ भरा. जुलैत घातलेली गोणी ऑगस्टमध्ये गटारात असते. एका मालकांनी एका पावसाळ्यात नऊ गोण्या घातल्याचं त्यांच्या केअरटेकरनं मला दबक्या आवाजात सांगितलं होतं.

त्या दगडी गोण्यांचं काय झालं

हवे होते ३२००, होते ११००. फरक २१००, गुणिले ९० हजार लिटर, भागिले १० लाख: १८९ किलो. चार गोण्यांना जरा कमी. दोन दगडी घरात होत्या, दोन नव्या मागवल्या.

दगडी गोणी पूलच्या काठावर फोडू नका. टाईलला टवका जातो आणि मिठाचा खडा फटीत अडकून बसतो. आम्ही गोणी मागच्या अंगणात नेली, गोणीसकट घणाचे चार घाव घातले, नारळाएवढे तुकडे झाले. ते तुकडे भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये भरून क्रेट उथळ बाजूच्या पायरीवर पाण्यात ठेवला, जिथे पाण्याचा झोत येतो तिथे. पंप चालू, क्लोरिनेटर बंद. संध्याकाळपर्यंत क्रेटमध्ये फक्त मातकट गाळ आणि एक सुतळीचा तुकडा.

चोवीस तासांनी मोजलं: ११०० चे १५९०. चढ ४९० ची, म्हणजे गोणीत खरं मीठ ४४ किलो होतं. उरलेले सहा किलो पंपरूमच्या फरशीवर आणि मोटरच्या बोल्टांवर. दुसऱ्या गोणीनं ४८० दिले. नव्या दोघींनी साडेपाचशे-साडेपाचशे. शेवटचा आकडा ३१७०, आणि दिवा विझला. मामा म्हणाले, “मग खराब नव्हतंच.” नव्हतंच.

सुटं मीठ घालताना ते काठाकाठानं पसरून टाका, ब्रशनं ढकलत राहा, तळाच्या जाळीवर ढीग करू नका. तिथून अर्धवट विरघळलेलं दाट पाणी सेलमध्ये गेलं तर मशीन उलटं ‘जास्त मीठ’ म्हणून बंद पडतं. आणि घातल्या घातल्या मोजू नका. एक दिवस पंप फिरू द्या.

डिसेंबरचा दिवा: बादली

नाताळच्या आधी परत फोन. पाऊस नाही, पाहुणे थोडे, आणि मीठ २६०० वर आलेलं. मामांनी एक गोणी घातली. जानेवारीच्या शेवटी परत तेच. महिन्याला एक गोणी.

इथे एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. उन्हानं पाणी उडतं, मीठ उडत नाही. उडालेल्या पाण्याची भर घातली तर मीठ होतं तेवढंच राहतं. म्हणजे कोरड्या ऋतूत मीठ कमी होत असेल तर खारं पाणी कुठून तरी बाहेर जातंय. बॅकवॉशनं, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुताना, जातं, तो हिशेब सरळ आहे: तीन मिनिटांच्या एका बॅकवॉशला आमच्या पंपानं हजार-बाराशे लिटर जातात, त्यात चार किलोपर्यंत मीठ. आठवड्याला एक केला तर महिन्याला पंधरा-सोळा किलो. पन्नास नव्हे.

मग बादली लावली. ही चाचणी पैशाला परवडणारी आणि बहुतेक कुणी न केलेली. प्लास्टिकची बादली पूलच्याच पाण्यानं भरायची, आत एक दगड टाकायचा म्हणजे तरंगणार नाही, आणि पायरीवर अशी ठेवायची की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर खूण, बाहेरच्या अंगाला पूलच्या रेषेवर खूण. आम्ही मार्करनं केल्या. भर घालणारा नळ बंद, पोहणं बंद, चोवीस तास. ऊन-वारा दोघांनाही सारखाच, त्यामुळे दोन्हीकडे सारखंच पाणी उतरायला हवं.

बादलीत ५ मिलिमीटर उतरलं, पूलमध्ये १३. फरक आठ. ७२ चौरस मीटरवर आठ मिलिमीटर म्हणजे रोज ५७६ लिटर. त्यात मीठ पावणेदोन किलोच्या वर. तीस दिवसांचे पंचावन्न किलो. मामांची महिन्याची गोणी सापडली.

कुठून जातंय हे शोधायला दुसऱ्या दिवशी पंप पूर्ण बंद ठेवून तीच चाचणी केली. आत-बाहेर सारखंच उतरलं. म्हणजे टाकी ठीक, पंप चालतानाच गळती. पूलच्या भिंती फोडायची भाषा करणाऱ्या कंत्राटदाराला त्या दिवशीच नमस्कार केला.

पंपरूमच्या मागे बॅकवॉशचा पाइप केळीच्या वाफ्यात सोडलाय. तिथे गेलो तर केळीची पानं कडेनं तपकिरी करपलेली, माती ओली, वर पांढुरकी साय. पाइपच्या तोंडाशी तांब्या धरला. फिल्टर चालू असताना, बॅकवॉश नसताना, पाण्याची बारीक धार. जिभेला लावलं, खारट. फिल्टरच्या मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचं (पाण्याची वाट बदलणाऱ्या चावीचं) झाकण उघडलं तर आतला चाकासारखा रबरी गॅस्केट एका बाजूला सुटून दुमडलेला. सहा-सात स्क्रू, एक गॅस्केट, पाऊण तासाचं काम. त्यानंतर मार्चपर्यंत मीठ हललं नाही. केळी मात्र काढून टाकाव्या लागल्या, मामींना त्याचं जास्त वाईट वाटलं.

उन्हाळ्यातला दिवा: क्षार

एप्रिलअखेर तिसऱ्यांदा दिवा. मामा आता शहाणे झाले होते, गोणीला हात न लावता आधी मोजून फोन केला: “चाचणीत ३३०० येतंय, मशीन २४०० म्हणतंय.” वा.

मोजलेलं मीठ ठीक आणि मशीन कमी म्हणत असेल तर सेल खोलून बघा. मेन स्विच बंद, पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, मग दोन्ही बाजूंचे युनियन (पाइपचे आट्यांचे जोड) हातानं सोडवा. सेल उजेडाकडे धरा. पट्ट्यांच्या मधून पलीकडचं दिसलं पाहिजे. गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा खरबरीत थर दिसला, तर तो क्षार. बोअर आणि टँकरचं जड पाणी, त्यात सेलमधल्या एका पट्टीभोवती पाणी अल्कधर्मी होतं, कॅल्शियम तिथेच बसतं. सॉल्ट पूलमध्ये पीएच आपोआप वर चढत राहतो. तो ७.८ च्या वर गेला की थर बसायचा वेग वाढतो. म्हणून ७.२ ते ७.६ राखा. आमच्या इथे दिवा दिसला की नवं मीठ आणणारे लोक ॲसिडला मात्र घाबरतात, आणि सेल त्यानंच मरतो.

धुवायची रीत: सेलचं एक तोंड झाकणानं बंद करून तो बादलीत उभा करा. दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन. मिश्रण सेलमध्ये ओतलं की फसफसतं. दहा-पंधरा मिनिटांत फसफस थांबली की काम झालं. ओतून टाका, भरपूर पाण्यानं धुवा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका. पट्टीवरचा थर केसापेक्षा पातळ असतो, तो गेला की सेल गेला. आणि थर दिसत नसेल तर उगाच दर महिन्याला ॲसिडनं आंघोळ घालू नका, प्रत्येक वेळी थोडं आयुष्य कमी होतं.

धुतल्यावर मशीन ३१०० दाखवू लागलं.

महाबळेश्वर, पाचगणी, नाशिककडच्यांसाठी एवढंच: पाणी एक अंश गार झालं की वीजवाहकता साधारण दोन टक्क्यांनी घटते. थंडीत पाणी १५ अंशांपर्यंत उतरलं की बरीच मशीन मीठ नसल्यासारखी वागतात. त्यासाठी गोणी नको, फेब्रुवारी लागते.

सगळं ठीक, तरी दिवा

मीठ मोजून ठीक, सेल स्वच्छ, वायरची टोकं स्वच्छ, पाणी कोमट, तरी दिवा: सेल म्हातारा झाला. वापरावर अवलंबून तीन ते सात वर्षं चालतो. इथे एक चूक फार महागात पडते. पुण्यातल्या एका सोसायटीत देखभालीचं काम घेतलेल्यानं मरत्या सेलला खूश ठेवायला वर्षभर मीठ ओतलं. मीठ वाढलं की झिजल्या पट्ट्यांतूनही प्रवाह थोडा वाढतो, दिवा महिनाभर विझतो. मग परत गोणी. मला बोलावलं तेव्हा शिडीच्या बुडाशी गंज, दिव्यांच्या कड्यांना गंज, आणि मीठ ६०००. नवा सेल बसवला तर तो ‘जास्त मीठ’ म्हणून चालूच होईना.

मीठ कमी करायला औषध नाही. पाणी काढून गोडं पाणी भरणं हा एकच मार्ग. ६००० चे ३५०० करायला जवळजवळ ४२ टक्के पाणी बदलावं लागतं. ९० हजार लिटरच्या पूलला दहा हजारी टँकर चार. सोसायटीचा पूल दुप्पट मोठा होता, आणि महिना मे. सभेत काय झालं ते लिहीत नाही.

कोणतं मीठ

९९ टक्क्यांच्या वर शुद्ध, सुटं, आयोडीन नसलेलं, कारखान्यात लागतं ते. वॉटर सॉफ्टनरच्या गोळ्यांचं मीठही चालतं, फक्त त्यात गंज काढायचं काही मिसळलेलं नाही एवढं बघा. पेण-उरण-वसईच्या आगरावरचं जाडं मीठ मासे खारवायला आणि लोणच्याला झकास, पूलला नको. त्यात चार टक्के जरी माती, जिप्सम, मॅग्नेशियम असलं तरी तीनशे किलोमागे बारा किलो कचरा पूलमध्ये गेला. पाणी गढूळ, टाईलच्या सांध्यांना तपकिरी छटा. किराणा पुडीतलं मीठ अडीनडीला दहा-वीस किलो घातलं तर आभाळ कोसळत नाही, पण ते महाग. शिवाय गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात ५३६ क्रमांकाचं जे घालतात त्यात लोह असतं, वर्षानुवर्षं तेच घालत राहिलं तर डागांना निमित्त. पुडीवर ५३६ शोधा, सापडेल.

ठेवायचं कुठे? लाकडी फळ्यांवर किंवा प्लास्टिक पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर दूर, वरून मेणकापड. त्याहून बरं म्हणजे पावसाळ्याआधी गोण्या शिल्लकच ठेवू नका. ॲसिडचे कॅन, मीठ आणि क्लोरीन एकाच कोपऱ्यात नकोत. ॲसिड आणि द्रव क्लोरीन एकत्र सांडलं तर विषारी वायू होतो.

मे महिन्यात मामांनी पंपरूम आवरायला काढली. मिठावर तारीख नसते हे आता त्यांना पाठ झालं होतं, म्हणून बाकी प्रत्येक वस्तूवर ते ती शोधत होते. क्लोरीन तपासायच्या पट्ट्यांची मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली. चाचणीच्या थेंबांची बाटली काळपटलेली. द्रव क्लोरीनचा कॅन गेल्या पावसाळ्याच्याही बऱ्याच आधी भरलेला, आणि उकाड्यात त्याची निम्मी ताकद जायला महिना-दोन महिने पुरतात. पावसाळाभर पूल हिरवा का पडत होता ते तेव्हा कळलं. कॅन बाहेर काढून ठेवला, आणि मामा म्हणाले, “भाऊ, खराब झालेलं होतंच की. आपण भलत्याच गोणीकडे बघत होतो.”